बंद पडलेलं जुनं थिएटर पुन्हा उघडायचं तर: रॉयल ऑपेरा हाऊसकडून काय घ्यावं

तुमच्या पेठेतलं जुनं थिएटर आधी नाटकांचं होतं, मग त्याची टॉकीज झाली आणि गेली कित्येक वर्षं ते कुलूपबंद आहे. आता मालक आणि नगरपालिका दोघेही दुरुस्तीला राजी आहेत, नागरिकांची समितीही झाली आहे. तुम्ही विचारता आहात की मुंबईचं रॉयल ऑपेरा हाऊस तेवीस वर्षांनी उघडलं तसं आपलंही उघडेल का, पैसे आधी कशावर घालावेत, आणि लोकांचा उत्साह टिकावा म्हणून उद्घाटनाची तारीख आत्ताच जाहीर करावी का.

उघडेल. जाड भिंतींच्या, चुन्यात बांधलेल्या इमारती वरून दिसतात त्यापेक्षा फार सोशिक असतात. जुन्या इमारतींची दुरुस्ती हाच माझा व्यवसाय आहे आणि नाट्यगृहांची, टॉकीजची पाहणी करताना इमारतच हाताबाहेर गेली आहे असं क्वचित दिसतं. जास्त वेळा दिसतं ते असं: दुरुस्ती उत्तम होते, फीत कापली जाते आणि दोन-तीन वर्षांत पुन्हा कुलूप लागतं, कारण त्या रंगमंचावर काय व्हायचं आणि ते कोणी चालवायचं हे कोणी ठरवलेलंच नसतं. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच की हे दोन निर्णय निविदा काढण्याआधी घ्या. खाली जे सगळं लिहिते आहे, छतापासून स्वच्छतागृहापर्यंत, ते या निर्णयांवरच अवलंबून आहे.

ऑपेरा हाऊसच्या कामात माझा सहभाग नव्हता, पण आमच्या क्षेत्रातल्या सगळ्यांचंच त्याच्यावर बारीक लक्ष होतं. तुम्ही त्याचंच उदाहरण घेतलं आहे, तर त्याची कहाणी नीट समजून घ्यायला हवी. कलकत्त्यात नाट्यव्यवसाय करणारा मॉरिस बँडमन आणि मुंबईतले कोळशाचे दलाल जहांगीर फ्रामजी कराका यांनी १९०८ मध्ये या थिएटरची कल्पना मांडली. पाचवे जॉर्ज १९११ मध्ये मुंबईत आले तेव्हा त्यांच्या हस्ते उद्घाटन झालं, तेही काम अर्धवट असताना. इमारत पुरी झाली १९१२ मध्ये, आणि लहानमोठी भर पुढे १९१५ पर्यंत पडत राहिली. दर्शनी भाग बरोक, म्हणजे भरगच्च नक्षीच्या जुन्या युरोपीय शैलीचा, आत एकावर एक सज्जे, बाजूला बॉक्स, म्हणजे खोलीवजा खास बैठका, फॉयरमध्ये, म्हणजे प्रवेशदालनात, ससून या व्यापारी कुटुंबाने दिलेली झुंबरं. ऑपेरासाठी बांधलेल्या या रंगमंचावर आपलं संगीत नाटकही आलं. बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथ यांची नावं या वास्तूच्या इतिहासात आहेत. १९२५ मध्ये पाथे कंपनीने ती चित्रपटांसाठी भाड्याने घेतली आणि १९३५ मध्ये ती आयडियल पिक्चर्सकडे गेली. तिथून पुढे ती मुख्यतः सिनेमागृहच राहिली. पृथ्वीराज कपूर यांच्या पृथ्वी थिएटर्सची नाटकं इथे सकाळी होत, कारण बाकीचा दिवस सिनेमाचा. १९५२ मध्ये गोंडलच्या महाराजांनी ती घेतली आणि १९९३ मध्ये उत्पन्न आटल्यामुळे बंद करावी लागली.

म्हणजे ऑपेराचं घर म्हणून ही इमारत जितकी जगली, त्याच्या कितीतरी पट ती सिनेमाचं घर म्हणून जगली. मग 'मूळ रूप परत आणायचं' असं आपण सहज म्हणतो तेव्हा ते कोणतं? हा प्रश्न तुमच्यापुढेही येणार आहे आणि तो सजावटीपुरता नाही. सिनेमासाठी बदल करताना बरोक सजावटीचा बराच भाग झाकला किंवा काढला गेला होता आणि त्यावर तीसच्या दशकातल्या आर्ट डेको वळणाचा, म्हणजे सरळ रेषांच्या त्या वेळच्या आधुनिक शैलीचा थर चढला होता. संवर्धन वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या चमूने जुनी छायाचित्रं आणि कागदपत्रं शोधली, थर उलगडले आणि १९११ च्या काळाकडे जाणारा मार्ग निवडला. मला तो निर्णय पटतो, दोन कारणांनी. एक म्हणजे पुरावा होता; कल्पनेने नक्षी रचावी लागली नाही. दुसरं म्हणजे पुढचा वापर जिवंत कार्यक्रमांचा ठरला होता, आणि रंगमंच, वाद्यवृंदाची जागा, बॉक्स हे सगळं त्या वापराला धरूनच होतं. त्या दोहोंतलं एकही नसतं तर मी सिनेमाचा थर तसाच ठेवा असं म्हटलं असतं.

तुमच्याकडे कदाचित उलट असेल. तुमच्या गावात आज जी माणसं साठी-सत्तरीत आहेत त्यांनी त्या जागी नाटक पाहिलंच नसेल. त्यांची आठवण तिकीटखिडकीची जाळी, रंगीत सिमेंटची फरशी, पायऱ्यांचा मोझॅक आणि लाकडी खुर्च्यांची आहे. तोही इतिहासच आहे. चाळीस-पन्नासच्या दशकातलं टेराझोचं, म्हणजे सिमेंटमध्ये दगडाच्या कपच्या घालून घासलेल्या फरशीचं काम आज पुन्हा करायला कारागीर सहज मिळत नाहीत, म्हणून 'हे नंतरचं आहे' असं म्हणून ते उखडू देऊ नका. आधी शोध घ्या. भिंतीवरचा रंग काडेपेटीएवढ्या चौकोनात धारदार पात्याने एकेक थर खरवडून पाहायचा, प्रत्येक थराचा फोटो काढायचा, आणि हे एका जागी न करता निदान दहा-बारा जागी करायचं: दारामागे, तुळईच्या पोटात, सज्ज्याच्या कठड्याखाली, जिथे रंगाऱ्याचा हात घाईत फिरलेला असतो. गावातल्या फोटो स्टुडिओंकडे, शाळांच्या स्नेहसंमेलनांच्या अल्बममध्ये, जुन्या नाटक मंडळींच्या घरी आतले फोटो हमखास सापडतात. लग्नाचे फोटोही पाहा. बऱ्याच थिएटरांत लग्नं लागली आहेत.

आणि जे गेलं ते सगळं परत आणलंच पाहिजे असंही नाही. शिमल्याचं गेटी थिएटर १८८७ सालचं. इमारतीचे वरचे मजले विसाव्या शतकाच्या सुरुवातीला धोकादायक म्हणून उतरवले होते. तिथलं दीर्घ काम वेद सेगन या वास्तुविशारदांनी केलं, जुहूचं पृथ्वी थिएटर ज्यांनी आखलं तेच हे. २००९ मध्ये ते पुन्हा उघडलं तेव्हा ते मजले पुन्हा चढवलेले नव्हते. राहिलं ते नीट केलं, आणि तो छोटेखानी रंगमंच आज वापरात आहे. कोलकात्याच्या स्टार थिएटरची गोष्ट वेगळी. १९९१ च्या आगीत ते जळालं आणि २००४ मध्ये पुन्हा उघडलं, पण जुनं रूप राहिलं ते मुख्यतः दर्शनी भागात. आतलं सभागृह नवं, आणि पुढे बराच काळ तिथे सिनेमेच लागले. रस्त्यावरून जाणाऱ्याला जुनं थिएटर दिसतं, आत बसलेल्याला मात्र नाही. आग लागल्यावर दुसरा इलाज नसेलही, पण धडधाकट भिंती आणि सज्जे असताना कोणी तुम्हाला 'फक्त दर्शनी भाग ठेवू, मागे नवं बांधू' असं सुचवलं तर त्याला नकार द्या.

आता पैसे. पहिला रुपया पाण्यावर घाला. जुन्या थिएटरचं छत प्रचंड असतं, मधे खांब नसतात, आणि सगळं पाणी भिंतींच्या माथ्यावरच्या पन्हळींत येतं. मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन मीटरहून जास्त पाऊस पडतो; तुमच्याकडे कमी असेल, पण तुंबलेल्या पन्हळीला तेवढाही पुरतो. पन्हळ तुंबली की पाणी भिंतीत उतरतं. तिथून ते कैचीच्या, म्हणजे छत पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्याच्या टोकाला पोचतं, म्हणजे जिथे लाकूड किंवा लोखंड भिंतीत बसलेलं असतं नेमकं तिथे. लाकूड असेल तर टोक कुजतं; खालून तुळई ठणठणीत दिसते आणि आतलं टोक बोटाने उकरता येतं. लोखंड असेल तर गंजतं, आणि गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा मागतो, त्यामुळे तो भोवतालचं बांधकाम फोडून बाहेर येतो. दर्शनी भागावरच्या भेगा पुष्कळदा पाया खचल्याच्या नसतात, आतल्या गंजलेल्या गर्डरच्या असतात. पायासाठी महागडं काम सुचवण्याआधी तेवढं उघडून पाहायला सांगा. छताच्या कठड्यावर पिंपळ असेल तर तो नुसता कापू नका. मूळ जिवंत राहिलं तर पुढच्या पावसाळ्यात दुप्पट जोमाने फुटतो.

छतावर सिमेंटचे जुने पत्रे असतील तर त्यांत ॲस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता आहे. ते फोडून खाली टाकायचे नाहीत. ओले करून, अखंड उतरवून, गुंडाळून, परवानगी असलेल्या जागीच जायला हवेत, आणि काम करणाऱ्याच्या तोंडावर योग्य मास्क हवा. हे कलम निविदेतच लिहा, कारण नंतर कोणी ऐकत नाही.

भिंतींवर सिमेंटचा गिलावा चढवू देऊ नका. ठेकेदार म्हणेल की तो मजबूत आहे, आणि तो आहेही, पण जुनी भिंत चुन्याची आहे. तिच्यात शिरलेलं पाणी पृष्ठभागातून सुकून बाहेर जात असतं. सिमेंटने ती वाट बंद केली की ओल आत अडकते, क्षार साचतात आणि काही वर्षांत पापुद्रे सुटू लागतात. चुना मुरवायला वेळ लागतो, चुन्याच्या घाण्यात मळायला वेळ लागतो, दोन थरांमध्ये थांबावं लागतं. गूळ आणि बेलफळ घालणारे गवंडी अजून आहेत, कोल्हापूर-साताऱ्याकडे विचारा. पण त्यांच्या कामाचा वेग वेळापत्रकात धरा. 'चुन्याचं काम लांबलं' अशी तक्रार मी कायम ऐकते. लांबलेलं काहीच नसतं, धरलेला वेळच चुकीचा असतो.

प्रेक्षकांच्या डोक्यावरच्या छताबद्दल मला जरा विस्ताराने लिहायचं आहे, कारण सगळ्यात जास्त धोका तिथे आहे आणि सगळ्यात कमी लक्षही तिथेच जातं. त्या काळातली नक्षीदार छतं बहुधा प्लास्टर, ताग आणि लाकडी पट्ट्या यांची असतात आणि वरच्या लाकडी सांगाड्याला प्लास्टरमध्ये भिजवलेल्या तागाच्या गाठींनी टांगलेली असतात. खालून ती दगडासारखी वाटतात. लंडनचं अपोलो थिएटर १९०१ सालचं. १९ डिसेंबर २०१३ च्या रात्री प्रयोग चालू असताना तिथल्या छताचा मोठा तुकडा प्रेक्षकांवर कोसळला, सत्तरहून जास्त लोक जखमी झाले. कारण सापडलं ते हेच: टांगणाऱ्या तागाच्या गाठी वर्षानुवर्षं कमकुवत होत गेल्या होत्या. ते थिएटर बंद पडलेलं नव्हतं, रोज भरत होतं. तुमचं छत कित्येक पावसाळे गळत्या पत्र्यांखाली काढून बसलं आहे. म्हणून वरच्या पोकळीत, वटवाघळांची आणि कबुतरांची घाण साफ करून, जाणता माणूस रांगत गेला पाहिजे आणि प्रत्येक टांगणी हाताने तपासली पाहिजे. खालून परांची बांधून छत हलक्या हातोडीने ठोकून पाहायचं. जिथे पोकळ वाजेल तिथे खूण. हे होईपर्यंत समितीच्या सभा, फोटोसेशन, पाहुण्यांच्या भेटी त्या छताखाली नकोत. आमदार आले तरी नकोत.

दुसरा रुपया विजेवर आणि आगीवर. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापुरात काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून पूर्ण झालेलं आणि पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले यांचं नाव मिळालेलं ते नाट्यगृह, त्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री जळालं. रंगमंच, छत, खुर्च्या गेल्या. दगडी भिंती राहिल्या. त्या रात्री गावातले कलावंत रस्त्यावर उभे राहून रडत होते. त्या दृश्यानंतर आगीच्या खर्चाबद्दल घासाघीस करण्याचा कोणालाही हक्क नाही असं मी मानते. थिएटरमध्ये लाकूड, कापड, रंग आणि गरम दिवे एकाच छताखाली असतात, वरची पोकळी धुराड्याचं काम करते, आणि आग तिथे पोचली की खालून पाणी मारून काही होत नाही.

म्हणून सगळी जुनी वायरिंग काढा. 'ही चांगली आहे, ठेवू' असं एकाही तारेबद्दल म्हणू नका. छतावरच्या पोकळीत धूर ओळखणारी यंत्रणा हवी. रंगमंच आणि प्रेक्षागृह यांच्यामधली भिंत छतापर्यंत सलग आहे का ते पाहा. पुष्कळ ठिकाणी ती छताच्या खालीच संपते आणि वरून आग सरळ पलीकडे जाते. दारं बाहेरच्या बाजूला उघडायला हवीत आणि प्रयोग चालू असताना एकालाही कुलूप नको. दिल्लीच्या उपहारमध्ये १९९७ साली ५९ माणसं गेली, त्यातली बहुतेक धुराने, बाहेर पडायची वाट न मिळाल्यामुळे. जुन्या प्रोजेक्शन खोलीत भिंतीतल्या चौकोनांवर लोखंडी झडपा दिसतील. त्या भंगारात जाऊ देऊ नका. जुनी नायट्रेट फिल्म भडकन पेटायची, ती आग प्रेक्षागृहात येऊ नये म्हणून त्या बसवलेल्या असत. तुमच्या थिएटरच्या सिनेमाच्या काळाचा तो सगळ्यात बोलका अवशेष आहे. आणि दुरुस्तीचं काम चालू असताना वेल्डिंग, कटिंग, रंग जाळून काढणं, यातलं काहीही दिवसाच्या शेवटच्या दोन तासांत करायचं नाही. काम संपल्यावरही माणूस तिथे थांबला पाहिजे.

आवाजाकडे वळते. जुन्या सभागृहात माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत आवाज जायचा असं सगळे सांगतात, आणि ऑपेरा हाऊसच्या छताचा आकारच गॅलरीतल्या माणसाला शब्द न् शब्द ऐकू यावा असा आखलेला होता. हा गुण आकारात असतो तसा पृष्ठभागांतही असतो: टणक गिलावा, लाकडी तक्तपोशी, कमी कापड. बोलक्या नाटकाला आवाज साधारण एका सेकंदात विरलेला बरा, नाहीतर शब्दावर शब्द चढतो. गाण्याला दीड सेकंदाच्या आसपासचा रेंगाळ आवडतो. लाउडस्पीकरवरच्या कार्यक्रमाला त्याहून कितीतरी कमी हवा. एकच सभागृह तिन्हींना सारखं उत्तम होणार नाही. तुम्ही काय ठरवता त्यावर भिंतींना काय लावायचं ते ठरेल, आणि म्हणूनच मी वापर आधी ठरवा म्हणते. माझा सल्ला असा की मूळ टणक पृष्ठभाग तसेच ठेवा आणि गरज पडेल तेव्हा ओढता येतील असे जाड पडदे बाजूने द्या. भिंतींना गालिचे चिकटवणाऱ्या सल्लागाराला हात लावू देऊ नका.

वातानुकूलन तर लागणारच, पण त्याचा आवाज हा आजच्या नाट्यगृहांचा रोग आहे. हळू बोललेलं वाक्य यंत्राच्या घरघरीत जातं आणि मग नट ओरडतात, मग माइक येतात. यंत्रं इमारतीपासून वेगळ्या पायावर ठेवा, हवेच्या वाहिन्या मोठ्या आणि हवेचा वेग कमी. जुन्या इमारतीत पुष्कळदा सज्ज्याखाली आणि छताच्या मधोमध हवेसाठी मूळ झरोके असतात. नव्या वाहिन्यांना तीच वाट देता येते, नक्षी फोडावी लागत नाही.

खुर्च्यांचा हिशेब आधी करा, कारण त्यात सगळं अर्थकारण आहे. जुनी माणसं अरुंद खुर्च्यांवर दाटीवाटीने बसत. आजच्या नियमांप्रमाणे वाटा सोडल्या, रांगांत अंतर दिलं, चाकाच्या खुर्चीसाठी जागा ठेवली, की आसनं बरीच कमी होतात. ऑपेरा हाऊससारख्या भव्य इमारतीत आज ५७५ आसनं आहेत. कमी आसनं म्हणजे प्रत्येक तिकिटावर जास्त भार, आणि मग मालकाचा कल आपोआप खासगी समारंभ आणि महाग कार्यक्रमांकडे झुकतो. यात वाईट हेतू असतोच असं नाही. विजेचा स्थिर आकार प्रयोग नसतानाही भरावा लागतो.

रंगमंचामागे जे आहे त्याकडे समितीत कोणी पाहत नाही, आणि नाटकवाले आधी तेच पाहतात. नाटकाची बस आणि नेपथ्याचा टेम्पो थेट रंगमंचाच्या दारापर्यंत येतो का? दार किती उंच आहे? सेटचा फ्लॅट, म्हणजे भिंतीसारखी उभी चौकट, न वाकवता आत जातो का? दुपारी माल उतरवायचा, सेट लावायचा, दिवे बांधायचे, रात्री प्रयोग करून पुन्हा सगळं चढवायचं आणि पहाटे पुढच्या गावी पोचायचं, असा त्यांचा दिवस असतो. तुमच्याकडे माल चढ-उतार करायला दोन तास जास्त लागत असतील तर ते तुमच्या गावाची तारीख घेणार नाहीत, मग झुंबर कितीही सुंदर असो. दिव्यांचे बार जुन्या कैच्यांना टांगू नका. त्यांनी हे वजन कधी धरलेलंच नाही. रंगमंचावर स्वतःच्या पायांवर उभा असलेला वेगळा लोखंडी सांगाडा द्या. तो उद्या काढायचा झाला तरी मूळ इमारतीला ओरखडा पडत नाही.

आणि स्वच्छतागृहं. मेकअपच्या खोल्यांना जोडून, कलाकार स्त्रियांसाठी वेगळी, रोज धुतली जाणारी, बॅकस्टेज कामगारांसाठी, आणि प्रेक्षक स्त्रियांसाठी पुरुषांहून जास्त संख्येने, कारण मध्यंतर पंधरा मिनिटांचं असतं आणि रांग नेहमी एकाच बाजूला लागते. आपल्या नाट्यसृष्टीतल्या कलाकारांनी याबद्दल जाहीरपणे किती वेळा बोलावं? मूळ इमारतीत जागा नसेल तर मागच्या अंगणात साधी, वेगळी दिसणारी नवी जोड बांधा. ती नवी दिसली तर बिघडत नाही. नव्याने जुन्याची नक्कल केली की मात्र दोन्ही बिघडतात.

चालवणार कोण? ऑपेरा हाऊसचं काम होऊ शकलं याचं एक मोठं कारण मालकी एका घराण्याकडे होती आणि त्यांनी घाई न करता खर्च केला. २०१२ मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या धोक्यातल्या वास्तूंच्या जागतिक यादीत ते आलं, २०१६ च्या ऑक्टोबरात उघडलं, आणि मुंबईत जन्मलेल्या सोप्रानो, म्हणजे सर्वांत उंच पट्टीच्या पाश्चात्त्य गायिका पॅट्रिशिया रोझारिओ यांचा कार्यक्रम तिथे झाला. २०१७ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा वारसा पुरस्कारही मिळाला. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे की कार्यक्रम ठरवण्यासाठी स्वतंत्र माणूस नेमला गेला. तुमच्याकडे मालक आणि नगरपालिका असे दोन भागीदार आहेत. त्यांच्यातला करार सुरुवातीलाच लिहून घ्या: देखभालीचा खर्च कोण करणार, दर कोण ठरवणार, स्थानिक संस्थांना वर्षात किती तारखा आणि कोणत्या भाड्यात, शनिवार-रविवार कोणाला. छताच्या आणि पन्हळींच्या वार्षिक साफसफाईसाठी वेगळी रक्कम, जिला दुसऱ्या कशासाठी हात लावता येणार नाही. व्यवस्थापक असा नेमा ज्याने तिसऱ्या घंटेच्या आधीची धावपळ स्वतः अनुभवली आहे.

पेठेचा विचारही याच टप्प्यावर. गिरगावात भारतातला पहिला बोलपट १९३१ साली जिथे लागला ते मॅजेस्टिक आता नाही. ऑपेरा हाऊसच्या शेजारचा हिरेबाजार बराचसा वांद्रे-कुर्ला संकुलात गेला, चाळींतली अनेक मराठी कुटुंबं उपनगरांत गेली. तेवीस वर्षांनी दार उघडलं तेव्हा बाहेरचा प्रेक्षक तोच राहिला नव्हता. तुमच्या पेठेतही तेच झालं असेल. म्हणून काम चालू असतानाच लोकांना आत आणा, छत सुरक्षित झाल्यावर, महिन्यातून एकदा, हेल्मेट घालून. चुन्याचं काम मुलांना दाखवा. शाळांच्या एकांकिकांसाठी आत्तापासून दिवस राखून ठेवा. जवळच्या हातगाडीवाल्यांना, चहावाल्यांना हुसकावू नका. मध्यंतराची गर्दी त्यांच्यामुळेच टिकते.

राहिली तारीख. ती जाहीर करू नका. व्हेनिसचं ला फेनिचे २९ जानेवारी १९९६ च्या रात्री दुरुस्ती चालू असतानाच जळालं. न्यायालयात सिद्ध झालं की आग तिथे काम करणाऱ्या दोन इलेक्ट्रिशियननी लावली. त्यांचं काम रेंगाळलं होतं आणि उशिराचा दंड भरावा लागणार होता. शेजारचे कालवे सफाईसाठी कोरडे होते, अग्निशमनाच्या नावा पोचू शकल्या नाहीत. ते थिएटर पुन्हा उघडायला २००३ चा डिसेंबर उजाडला. दंडाचं कलम ठेवाच, पण चुना वाळायला लागणारे दिवस दंडात मोजू नका. छताचं काम मेच्या आत पुरं करा, एक पूर्ण पावसाळा त्याखाली कोरडा जातो का ते पाहा, प्रत्येक मोठ्या सरीनंतर वरच्या पोकळीत माणूस पाठवा. तो पावसाळा कोरडा गेला तरच आतली सजावट सुरू करा. त्यानंतर पाहुण्यांविना, कमी तिकिटात, स्थानिक संस्थेचे चार-पाच प्रयोग करून पाहा. दारं, दिवे, स्वच्छतागृहं, रांगा यांतल्या खोडी त्यात बाहेर येतात. मग खुशाल मंत्र्यांना बोलवा.

या आठवड्यात करण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. नगरपालिकेच्या बांधकाम विभागात मूळ मंजूर नकाशांसाठी अर्ज द्या. सिनेमा परवान्याच्या फायलीत आसनांचा आराखडा असतो, तो जिल्हाधिकारी कार्यालयातून मिळू शकतो. आणि पाऊस जवळ असेल तर कशाचीही वाट न पाहता छतावर ताडपत्री बांधून घ्या, पन्हळी मोकळ्या करा. नकाशे हाती आले की तुळयांच्या टोकांचे आणि छतावरच्या पोकळीचे फोटो सोबत जोडा. ते पाहिल्यावर कोणती भिंत आधी उघडायची हे मी नेमकं सांगू शकेन.